डेंटिंग-पेंटिंग

डोंबिवलीत माणसाला 'तुम्ही काय करता?' असं कोणी विचारत नाही. 'कितीची पकडता?' असं विचारतात, आणि उत्तरावरून बाकीचं सगळं ओळखतात. सात-छत्तीसवाला म्हणजे साहेब कडक आणि डबा रात्रीच भरून ठेवलेला. नऊ-बारावाल्याकडे जरा संशयानं बघतात, कारण एवढ्या उशिरा जाऊन चालतं म्हणजे हा एक तर स्वतःच साहेब असणार, नाहीतर याच्या साहेबाचा याच्यावरचा विश्वास उडालेला असणार. मी एकोणीस वर्षं आठ-चौदाची पकडत होतो. आठ-चौदा ही अगदी सभ्य गाडी. तिच्यातल्या माणसाला कोणीही पोरगी द्यावी.

ज्या दिवशी माझा तीन महिन्यांचा पास संपला आणि मी नवा काढला नाही, त्या दिवशी माझी नोकरी सुटली असं सोसायटीनं धरलं. राजीनामा त्याच्या दोन महिने आधीच दिलेला होता. पण राजीनाम्याचं काय, तो मागेही घेता येतो. पास संपला की संपला.

"मग आता काय करणार?" पहिल्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात गाठलं.

"केकवर आयसिंग कसं करायचं, ते शिकवणार."

काकांनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ते असू दे रे. पण काम काय करणार?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. ते सापडायला दोन वर्षं आणि सतरा बॅचेस लागल्या.

मी एका विमा कंपनीच्या मोटार क्लेम विभागात होतो. लोक गाड्या ठोकायचे आणि मी ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघायचो. दिवसाला पंचवीस-तीस. पुढून ठोकलेल्या, मागून ठोकलेल्या, आणि सगळ्यात जास्त म्हणजे 'साहेब, माझी तर उभीच होती' या प्रकारातल्या. या क्लेमवर विश्वास ठेवायचा तर आपल्या देशात कोणाचीच गाडी चालत नाही, सगळ्या उभ्याच असतात, आणि तरी एकमेकींना धडकतात. फोटो बघायचे, सर्व्हेअरचा रिपोर्ट वाचायचा आणि घसारा लावायचा. रबर, नायलॉन, प्लास्टिक असेल तर ५० टक्के. फायबरग्लासला ३० टक्के. काचेला घसारा नाही, ती फुटेपर्यंत नवीच. आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या ठरलेल्या विमामूल्याच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की शेरा मारायचा, टोटल लॉस.

एकोणीस वर्षं हेच केलं की नजरच तशी होते. लग्नात बोहल्यावरचा नवरदेव बघितला तरी मनात येतं, समोरून ठीक आहे, मागून जरा बसलाय.

केक माझ्या आयुष्यात आला तोही क्लेम म्हणूनच. २०१६ साली मुलीच्या आठव्या वाढदिवसाला तिला राजकन्येचा किल्ला हवा होता, आणि तसा किल्ला दादरच्या एका दुकानात मिळतो अशी तिच्या वर्गातली पक्की माहिती होती. संध्याकाळी सव्वासहाला दादरहून फास्ट गाडीत केक घेऊन चढणं याला धाडस म्हणत नाहीत, त्याला दुसरा शब्द आहे. कुर्ल्यापर्यंत मी खोकं डोक्यावर धरलं. घाटकोपरला मेट्रोची गर्दी आत आली आणि माझे हात आपोआप खाली आले. ठाण्याला कोणाचं तरी कोपर नेमकं 'ही बाजू वर' या अक्षरांवर बसलं.

घरी खोकं उघडलं. डावीकडे खोल डेंट, पुढचा बंपर साफ गेलेला आणि राजकन्या छतातून थेट तळमजल्यावर. मुलीनं भोकाड पसरलं. मी सवयीनं चारी बाजूंनी फोटो काढायला लागलो. "अहो, फोटो कसले काढताय!" असं बायको ओरडली तेव्हा भानावर आलो.

मग एक सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घेतली. केकच्या मागच्या, भिंतीकडे जाणाऱ्या बाजूचं क्रीम खरवडलं आणि पुढच्या खड्ड्यात भरलं. गॅरेजवाले यालाच लांबी भरणं म्हणतात. एकोणीसातली तेव्हा तेरा वर्षं मी त्या लांबीची बिलं पास करत होतो, हात मात्र पहिल्यांदाच लावत होतो. वीस मिनिटांत किल्ल्याची टेकडी झाली आणि टेकडीवर राजकन्या बसली. कंबरेपासून खाली ती उरली नव्हती, म्हणून तिला क्रीमचा घेरदार घागरा घातला.

"दुकानातल्यापेक्षा भारी," मुलगी डोळे पुसत म्हणाली.

माझ्या कामाला कोणी भारी म्हटल्याचा तो पहिलाच प्रसंग. क्लेम विभागाला असं कोणी म्हणत नाही. क्लेम पास झाला तर तो लोकांचा हक्क असतो आणि नाही झाला तर आपण चोर.

त्या टेकडीनं मला बिघडवलं. आमच्या लहानपणी घरी केक व्हायचा तो कुकरची शिट्टी आणि रबर काढून, तळाशी वाळू पसरून. मधे फुगायचा, कडेला करपायचा, वर टुटीफ्रुटी. आयसिंग फक्त बेकरीच्या केकवर, आणि त्यावरचं गुलाबी फूल कोणाच्या बशीत जाणार यावरून चुलतभावंडांत जे वैर सुरू झालं, ते आता जमिनीच्या वाटणीपर्यंत आलेलं आहे. ते फूल बनवणारा कोणी माणूस असतो, त्याला हात असतात आणि ते कोणालाही शिकता येतं, हे मला चाळिशीत कळलं.

२०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली आणि माझे रोजचे जवळजवळ तीन तास एकदम मोकळे झाले. जग डालगोना कॉफी फेटत असताना मी टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल कापून गोल केलं आणि त्यावर हात बसवायला लागलो. सरावाला खरं क्रीम परवडत नाही. त्यासाठी वनस्पती तूप आणि पिठीसाखर फेटायची, थापायची, खरवडायची, पुन्हा थापायची. आई आठ दिवस काही बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "आमच्या वेळेला डालड्यासाठी रांगेत उभं राहायला लागायचं. आणि हा थर्माकोलाला चोपडतोय."

दोन वर्षांत हात बसला. राजीनाम्याचा विचार बायकोला सांगितला. ती बँकेत आहे. ती चिडली नाही, घाबरली नाही, तिनं कॅल्क्युलेटर काढला.

"नोकरी किती झाली?"

"एकोणीस वर्षं चार महिने."

"शेवटचा बेसिक आणि डीए, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वर एक दिवस जरी गेला तरी पुढचं वर्ष पूर्ण धरतात. तीन महिने कळ काढा. वीस वर्षांची ग्रॅच्युइटी मिळेल."

मन मारून जगू नये, हृदयाचं ऐकावं वगैरे जे सांगतात, त्यांच्या बायका बँकेत नसाव्यात. माझ्या हृदयानं १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा नीट वाचला आणि तीन महिने गप्प बसलं.

साहेबांना राजीनामा दिला. ते म्हणाले, "किती देतायत?"

"कोणीच देत नाहीये. मीच सत्तेचाळीस लिटरचा ओटीजी घेतलाय."

"नाव नको सांगू. आकडा सांग."

शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं की ओटीजी ही एखादी परदेशी कंपनी आहे. एचआरच्या फॉर्मवर नोकरी सोडण्याच्या कारणांचे रकाने होते: अधिक चांगली संधी, विवाह, स्थलांतर, आरोग्य. केकचा रकाना नव्हता. तिथल्या मुलीनं दोन मिनिटं विचार केला आणि माझ्यासमोर 'आरोग्य'वर टिक केली. दुपारपर्यंत बातमी चार मजले फिरली. पुढचे दोन महिने माझ्याशी कोणी भांडलं नाही. चहा जागेवर यायला लागला. अकाउंट्समधल्या एकानं लिफ्टमध्ये कोणी नाही असं बघून मला एका वैद्यांचा नंबर दिला. "शेवटच्या स्टेजचे लोक बरे केलेत त्यांनी," असं म्हणून त्यानं माझा खांदा दाबला. मी केक शिकवणार आहे हे मी ज्याला ज्याला सांगितलं, त्याच्या डोळ्यांत 'अजून याला कोणी सांगितलेलं दिसत नाही' असा भाव यायचा.

निरोपाला केक आणला होता. पायनॅपल, एक किलो. माझ्या आडनावातलं शेवटचं अक्षर जागा न पुरल्यामुळे बोर्डावर गेलं होतं. सगळे भाषणं ऐकत होते, मी कडेचे शंख मोजत होतो. दर चौथा शंख आडवा होता. डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळे, पण कोणाचा विश्वास बसला नाही.

घरी आलो तर घरी काकांचाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी उभा होता. मामा म्हणाला, "छंद म्हणून ठीक आहे." सासूबाईंनी जावयाच्या मानाला धक्का न लावता विचारलं, "दिवसभर मग कंटाळा येत असेल ना?" आई तर नातेवाइकांना फोनवर सांगायची, "तो सध्या घरूनच करतो." काय करतो ते सांगायची नाही. ऐकणारा आपापल्या मनानं लॅपटॉप घालून घ्यायचा.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे काम कशाला म्हणायचं याची एक व्याख्या आहे आणि ती सगळ्यांना पाठ आहे. ज्यात कंटाळा येतो ते काम. माणूस घरी येऊन चपला काढताना सुस्कारा टाकतो, तो कामावरून आलेला असतो. जो गुणगुणत येतो, तो कुठे गेला होता याची चौकशी होते. पगार आपल्याला कामाचा मिळतो ही समजूत चुकीची आहे. पगार ही कंटाळ्याची नुकसानभरपाई असते, आणि भरपाईतलं मला कळतं. मला कंटाळाच येत नव्हता, त्यामुळे माझा क्लेमच उभा राहत नव्हता.

क्लास सुरू केला. सोफा गॅलरीत गेला, हॉलमध्ये दोन टेबलं आली, सहा टर्नटेबल आली. सोसायटीच्या आणि आठ-चौदाच्या ग्रुपवर जाहिरात टाकली. पहिला फोन आला.

"केकच्या क्लासच्या मॅडम आहेत का?"

"मीच शिकवतो."

"हो, पण मॅडम कधी असतात?"

असे चार फोन झाले. पाचव्याला मी म्हणालो, "मॅडम बँकेत आहेत, त्या येईपर्यंत मी घेतो." ताबडतोब ॲडमिशन झाली. आज त्या बाई स्वतः ऑर्डरी घेतात, पण अजून भेटल्या की विचारतात, "मॅडमची बदली झाली का हो?"

म्हणून मी पहिल्या दिवशी मांबळ्ळी बापूंची गोष्ट सांगतो. १८८३ साली केरळात तलश्शेरीला त्यांची बिस्किटांची बेकरी होती. मर्डॉक ब्राऊन नावाचा मळेवाला गोरा त्यांच्याकडे विलायती केक घेऊन आला आणि ख्रिसमससाठी असाच करून दे म्हणाला. बापूंनी चव घेतली आणि हाताशी होतं त्या सामानात केक करून दिला. भारतातला पहिला ख्रिसमस केक तोच म्हणतात. गोष्ट संपली की मी जरा थांबतो, म्हणजे पुरुषांनी केक करण्याची परंपरा वर्गाच्या ध्यानात यावी. पहिल्या बॅचमध्ये मी असा थांबलो तेव्हा एक हात वर आला. "सर, सर्टिफिकेट लॅमिनेटेड मिळणार ना?"

सर्टिफिकेट हा या धंद्याचा पाया आहे. केक बसो, फुटो, वितळो, सर्टिफिकेट सरळ आलं पाहिजे. पुढचा प्रश्न ठरलेला: "किती केक शिकवणार? तिकडे एका दिवसात चाळीस शिकवतात." मी म्हणतो, दोन दिवसांत तीन. मग फी कमी करा, असं उत्तर येतं. हिशेब बरोबर आहे, किलोवर घेतलं तर ज्ञानसुद्धा स्वस्त पडतं.

पहिल्या बॅचला पाच जण. एक निवृत्त शिक्षिका, ज्यांनी माझ्या नोट्समधल्या 'क्रिम'ला लाल पेनानं दीर्घ वेलांटी देऊन कागद परत केला. एक मेंदी काढणारी मुलगी. एक कॉलेजचा मुलगा, ज्याची फी आईनं भरली होती आणि ज्याला आपण कसल्या क्लासला आलोय ते टेबल बघून कळलं. आणि दोन जावा, ज्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्यांना मी शेजारी बसवलं, हा माझा अज्ञानातला गुन्हा. "सर, त्यांना सांगा पॅलेट नाइफ झाला असेल तर इकडे द्या." "सर, त्यांना सांगा मागणाऱ्यानं मागावं." पॅलेट नाइफ दोघींच्या मधे एक हात अंतरावर पडलेला. मी टेबलाला वळसा घालून तो इकडून तिकडे ठेवायचो.

क्रीम शिकवणं म्हणजे थांबणं शिकवणं. व्हिप क्रीम फ्रीझरमधून आदल्या दिवशी खाली फ्रिजमध्ये घ्यायचं, ओट्यावर नाही. भांडं गार हवं. बीटर लावला की पातळ दिसतं, मग सैल होतं, मग त्याला टोकं येतात. टोक उभं राहिलं की बीटर बंद. आणखी अर्ध्या मिनिटात तेच क्रीम रवाळ होतं, भेगाळतं आणि केकवर चुन्याच्या भिंतीसारखं बसतं. पण जेवायला वाढताना 'अजून थोडं, अजून थोडं' म्हणत मोठे झालेले आपण लोक. बंद करा म्हटलं की उत्तर येतं, "अजून थोडं करते ना सर."

त्यात डोंबिवलीची हवा. काचेला घसारा शून्य, प्लास्टिकला ५० टक्के, आणि मे महिन्यात पंखा लावलेल्या खोलीतल्या क्रीमला शंभर टक्के, तेही अर्ध्या तासात. जुलैत फोंडंटला घाम फुटतो. नऊवारी नेसवलेली फोंडंटची बाहुली रात्री झाकून ठेवली तर सकाळपर्यंत तिचा पदर पायाशी आणि नाक पदरावर. डिसेंबर-जानेवारीत मात्र सगळ्यांचेच केक सुंदर होतात आणि सगळ्यांना वाटतं, सरांनी छान शिकवलं. मी थंडीचं श्रेय मुकाट्यानं घेतो. ऑफिसात साहेब आमचं घ्यायचे तसंच.

बेसिक झालं की हल्ली सगळ्यांना तो झालरींचा जुना विलायती प्रकार हवा असतो. जोसेफ लॅम्बेथ नावाच्या माणसाच्या नावानं तो ओळखला जातो, त्याचं पुस्तक १९३४ मध्ये आलं. झालरीवर झालर, तिच्यावर आणखी नाजूक झालर. मी 'लॅम्बेथ, लॅम्बेथ' म्हणत होतो तेव्हा निवृत्त बाई वहीत लिहीत होत्या. नंतर वही बघितली. 'लांबी-थर : क्रीमचे थर देत लांबी वाढवणे.' मी दुरुस्त केलं नाही. खड्ड्यात भरतात ती लांबी आणि न पडलेल्या खड्ड्यावर चढवतात तो लॅम्बेथ, एवढाच काय तो फरक.

आणि गुलाब. चपट्या डोक्याचा खिळा डाव्या हातात धरायचा, पाकळीचं नोझल लावलेली बॅग उजव्या. नोझलची रुंद बाजू खाली, निमुळती वर. आधी मधला सुळका, मग तीन पाकळ्या, मग पाच, मग सात. दोन्ही हातांनी एकाच वेळी वेगवेगळं काम करायचं असतं, त्यामुळे पहिल्या दहा गुलाबांचा कोबी होतो. मेंदीवाली मुलगी सोडून त्या दिवशी सगळ्यांची कोबीची वाडी फुलली होती. तेवढ्यात आई पाणी प्यायला बाहेर आली. जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आण इकडे. सोऱ्याच आहे की हा."

बॅग हातात घेऊन तिनं केकच्या कडेनं शंखांची ओळ सुरू केली आणि थेट सुरुवातीच्या शंखाला आणून जोडली. मधे श्वास घेतला असेल, हात काही थांबला नाही. एकही शंख आडवा नाही. माझी दोन वर्षं आणि दोन डबे डालडा जिथे पोचला, तिथे ती पदर खोचून दीड मिनिटात पोचली. पन्नास गणपती मोदकाला एकवीस कळ्या पाडलेला हात होता तो. वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्या दोन जावासुद्धा टाळ्या वाजवताना चुकून एकमेकींकडे बघून हसल्या.

"आजी, तुमचं सर्टिफिकेट कुठलं?" कॉलेजच्या मुलानं विचारलं.

"खाल्लं त्यांनी," आई म्हणाली आणि पाणी प्यायची राहूनच आत गेली.

केक मात्र तिनं आजतागायत खाल्लेला नाही. अंडं असतं म्हणून. "एगलेस आहे ग," मी म्हणतो. त्यावर तिचा प्रश्न, "मग फुगला कशानं?" मी सोडा आणि बेकिंग पावडरची रसायनं समजावून सांगतो. ती शेवटपर्यंत ऐकते आणि म्हणते, "त्यापेक्षा अंडं बरं."

धंद्यात मी साहेब, शिपाई आणि एचआर. भांडी शिपाई घासतो, त्याला साहेब रागावतो, आणि शिपायानं रजा मागितली की एचआर आरोग्याच्या रकान्यात टिक करतो. बायकोच्या महिन्याच्या हिशेबात माझं उत्पन्न 'इतर' या सदरात यायचं, रद्दीच्या खाली. शिकवण्याबरोबर चार ऑर्डरी यायला लागल्या म्हणून अन्नसुरक्षेची नोंदणी केली. वर्षाला उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर नुसती नोंदणी पुरायची, फी वर्षाला १०० रुपये. तो कागद मी फ्रेम करून पदवीच्या प्रमाणपत्राच्या वर लावला. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. सरकारी नंबर बघून त्यांचा चेहरा जरा निवळला. "म्हणजे अगदीच हे नाही," ते म्हणाले. पण समाधान झालं नव्हतं.

ते झालं गेल्या वर्षी, सतराव्या बॅचच्या दुसऱ्या दिवशी.

दुपारचे चार वाजले होते. मी सहा जणींपुढे खिळा धरून उभा होतो. "रुंद बाजू खाली, निमुळती वर," माझं तोंड म्हणत होतं, आणि मी स्वतः मनात संध्याकाळी दुधी आणावा की भोपळी मिरची याचा विचार करत होतो. एकीनं काहीतरी विचारलं. "ते काल सांगितलं होतं," मी म्हणालो. तो आवाज मी ओळखला. माझा नव्हता, आमच्या साहेबांचा होता. मग मला जांभई आली. घड्याळाकडे बघितलं. चार दहा. ऑफिसात बरोबर याच वेळेला चहाची ट्रॉली यायची आणि याच वेळेला, एकोणीस वर्षं, मला हीच जांभई यायची.

मी आत गेलो आणि बायकोला बँकेत फोन लावला. "ऐक ना, मला कंटाळा आलाय."

पलीकडे नोटा मोजायच्या मशीनचा आवाज थांबला. "केकचा?"

"गुलाबाचा. तेच तेच. तीन, पाच, सात."

"खरंच?" तिच्या आवाजात मी कितीतरी दिवसांनी सुटकेचा भाव ऐकला. "एकदाचं मार्गी लागलं म्हणायचं. मी पेढे घेऊन येते."

संध्याकाळी क्लास संपवून मी खुर्चीत बसलो आणि नकळत सुस्कारा टाकला. आईनं तो स्वयंपाकघरात ऐकला. चहाचा कप घेऊन बाहेर आली. "घे. दमला असशील," म्हणाली. नोकरी सोडल्यापासून हे वाक्य माझ्या वाट्याला आलं नव्हतं. त्याच आठवड्यात ती फोनवर कोणाला तरी सांगत होती, "अग, वेळच नसतो त्याला. कामच तेवढं असतं." आणि काकांनी जिन्यात मला बघून बाजूला होत वाट करून दिली. ऑफिसला जाणाऱ्यांनाच ते अशी वाट देतात. त्या महिन्यात बायकोनं मला 'इतर'मधून काढून स्वतंत्र ओळ दिली.

दसऱ्याच्या आधीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी आठ-चौदात दरवर्षी पूजा असते. झेंडूच्या माळा, देवीचा फोटो, पेढे. ग्रुपचा निरोप आला, यंदा पेढे नकोत, तुझा केक आण. दोन किलोचा केला, वर क्रीमचे झेंडू. कितीतरी वर्षांनी खिडकीवर तिकीट काढलं, तेही रिटर्न. कितीला पडतं तेच माहीत नव्हतं, त्यामुळे मागचे लोक मला गावाहून आलेला समजले.

जुनी माणसं, जुनी जागा. खोकं मांडीवर घेऊन बसायला चौथी सीट मिळाली, हा माझा मान. ठाण्याला गर्दी आत आली आणि कोणाचं तरी कोपर वरून खोक्यावर बसलं. सगळा डबा गप्प झाला. मी झाकण काढलं. डावीकडे डेंट, चार झेंडू आडवे.

"टोटल लॉस?" समोरच्यानं विचारलं. तो अजून क्लेममध्येच आहे.

"नाही. तीस टक्के," मी म्हणालो, आणि शर्टाच्या खिशातून पॅलेट नाइफ काढला.

घाटकोपर यायच्या आत मागचं क्रीम पुढे आलं. आडवे झालेले झेंडू मोडून घेतले आणि त्यांचीच एक पाकळ्यांची रांग बसवली. गाडी हलत होती, पण खड्डा दिसेनासा झाला. आजूबाजूला बारा-पंधरा मोबाईल वर झाले होते, माझ्या मते चारी बाजूंनी. मग पूजा सांगणाऱ्यानं माझ्या हातातून पॅलेट नाइफ काढून घेतला, रुमालानं पुसला, देवीच्या फोटोपुढे ठेवला आणि त्याला हळद-कुंकू वाहिलं. "नवमीचं हत्यार," म्हणाला. शेजारी एकाचा स्टेथोस्कोप होता आणि एकाचं कॅल्क्युलेटर.

केक वाटून झाला. क्लेमवाला बोटं चाटत माझ्याकडे सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांग. रोज तेच ते करून कंटाळा येत नाही?"

"येतो की."

त्यानं माझ्याकडे नीट निरखून बघितलं. पुढून, मग जरा मागून.

"मग बरं चाललंय तुझं," तो म्हणाला, आणि भायखळ्यापर्यंत डोळे मिटून घेतले.